जुना रंधा घासण्याआधी दाखवा

जुने लोखंडी आणि शिसवी रंधे विकायला काढणाऱ्यांच्या शंका त्याच त्याच येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो आहे.

जालना : आजोबांच्या पेटीत स्टॅन्लीचा ४ नंबरचा रंधा निघाला. हे रंधे लाखांत जातात, खरं का?

नाही. स्टॅन्ली ही अमेरिकन हत्यारांची कंपनी, आणि तिचा ४ नंबर हा सर्रास मिळणारा रंधा आहे. संग्राहक ज्याच्यामागे धावतात तो १ नंबर, जेमतेम साडेपाच इंच लांब. तुमचा साधारण नऊ इंच भरेल. पट्टी लावून बघा.

लातूर : भंगारवाला म्हणतो, ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत करा, भाव वाढेल. करू का?

करू नका. केला असेल तर आहे तिथेच थांबा.

जुन्या रंध्याची किंमत त्याच्या अंगावर लिहिलेली असते. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगावरचा मूळ काळा रंग किती टिकलाय, पात्याच्या डोक्यावरची कंपनीची अक्षरं किती ठसठशीत आहेत, तळाच्या कडा सरळ आहेत का, हे जाणकार आधी बघतो. वायर ब्रश आधी तो रंग उडवतो, मग अक्षरं पुसट करतो. तळ घासकागदाचा पट्टा फिरवणाऱ्या मशीनवर धरला की दोन्ही टोकं जास्त घासली जातात आणि तळ फुगीर होतो. असा रंधा लाकडावर डुलतो, सरळ साल काढत नाही. पात्याला ग्राइंडरवर निळी झाक आली की तिथलं पोलाद नरम पडलं समजा. धार दोन फळ्यांत जाते.

काही विक्रेते गंजाचे खड्डे लपवायला सगळ्यावर काळा स्प्रे मारतात आणि ‘मूळ रंग’ म्हणून खपवतात. स्क्रूच्या खाचेत, मुठीच्या बुडाशी बघा. तिथेही रंग चढलेला असेल तर पैसे देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड तर घरातसुद्धा जवळ आणू नका. गंज उतरतो, पण दोन दिवसांत दुप्पट चढतो.

रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने धूळ आणि चिकट तेल पुसा, शिवणाच्या मशीनचं तेल पातळ लावा. बास. करडईचं तेल नको, ते सुकून चिकट थर धरतं. मग तळ, पात्याचं डोकं आणि दोन्ही बाजू यांचे उन्हात फोटो काढून जाणकाराला दाखवा. घासायचं की नाही ते त्यानंतर.

परभणी : शिसवी रंध्यात पातं अडकलंय. हातोडीने ठोकू का?

हातोडी नको. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड रुंदीत आखडतं आणि पातं दोन्ही गालांत, म्हणजे बाजूच्या भिंतींत, चेपलं जातं. जोर केलात तर गाल फाटेल. लाकडी मोगरीने मागच्या टोकावर हलके ठोके देऊन बघा. नाहीच हललं तर पावसाळ्यापर्यंत थांबा, दमट हवेत लाकूड फुगतं. घाई असेल तर जुन्या सुताराकडे न्या.

बीड : तळाला पातं बाहेर येतं त्या तोंडाजवळ चीर आहे. वेल्डिंग करून विकू का?

नको. बिडाचं अंग तापलं की तळ वाकतो. चीर सांगूनच विका.

नांदेड : १९०२ चा म्हणून विकत घेतला. पात्यामागे अंगावर तीन तारखा आहेत. बरोबर ना?

त्या पेटंटच्या तारखा आहेत, बनवल्याच्या नव्हेत. दोन १९०२ च्या आणि तिसरी १९१० ची असेल, तर अंग साधारण १९१० ते १९१८ मधलं. अंग म्हणतो, कारण पातं आणि मूठ नंतर बदललेली असू शकते. स्क्रू मात्र बदलू नका. आटे जुन्या अमेरिकन मापाचे आहेत. बाजारातला मिलिमीटरवाला स्क्रू जबरदस्तीने पिळला की आटे गेले.

छत्रपती संभाजीनगर : परदेशातला ग्राहक कुरिअरने मागतोय. पाठवू का?

थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली गतकाळाची कारागिरी दाखवणारी, शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नांदेडच्या वाचकाचा रंधा या वयात बसतो. शिवाय जुन्या स्टॅन्लीच्या मुठी अनेकदा ब्राझीलच्या रोजवूडच्या असतात, आणि त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय तुमच्याच शहरात आहे. रंधा घेऊन जा, लेखी उत्तर घ्या. तोवर ग्राहकाकडून आगाऊ रक्कम घेऊ नका.