वजनाचं ऑपरेशन (बायपास) झालंय, आता इंदूरच्या सराफ्यातलं (रात्रीच्या खाऊगल्लीतलं) खाणं कायमचं बंद का?

अहो कायमचं कशाला, पण जलेबी-रबडीला सध्या तरी लांबूनच नमस्कार करा, बायपासनंतर साखर पटकन आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, ह्याला डम्पिंग म्हणतात. आमच्या आत्याला इंदुरी पोहे चालतात, वाटीभर, नीट चावून, वरची शेव बाजूला काढून. आधी प्रोटीन, दिवसाला निदान 60 ग्रॅम, पनीर मूग दही अंडी काहीही, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट प्या. आणि बी-12, आयर्न, कॅल्शियम, डी जन्मभर घ्यायचं, वजन उतरलं की लोक गोळ्या सोडतात न तिथेच घोळ होतो. आयर्न-कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा आणि वर्षातून एकदा रक्त तपासाच.