घरी पाय उचलत नाही, पाहुणे आले की बरोबर चालतात!

"मॅडम, हे मुद्दाम करतात का हो?"

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या पेशंटच्या घरातून येणारा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो, बायको नाहीतर सून आत येते, दार लोटते आणि आवाज खाली आणून हेच विचारते. सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. रिटायर झाल्यावर चार वर्षांनी उजवा हात थरथरायला लागला, पार्किन्सन्सचं निदान झालं, त्यालाही आता सात वर्षं झाली. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, काका दोन जिने स्वतः चढून आले, मला नमस्कार केला, खुर्ची ओढून बसले. काकू लगेच म्हणाल्या, "बघितलंत? इथं कसे टुणटुणीत! घरी बाथरूमच्या दारात अर्धा अर्धा तास उभे राहतात, पाय उचलत नाहीत, मी ओढते, ओरडते, माझे गुडघे गेलेत हो, आणि शेजारचे भाऊजी आले की हे चालत हॉलमध्ये!" काका काहीच बोलले नाहीत, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. काकूंना त्याचाही राग आला. "काही वाटतच नाही यांना."

चेहऱ्याचं आधी सांगते. त्या आजारात चेहऱ्याचे स्नायू पण ताठरतात, पापण्या कमी लवतात, माणूस आत हसत असला तरी बाहेर दिसत नाही. काकांच्या मुलीला वाटलं होतं की नात झाली तर बाबांना आनंद झाला नाही, दोन वर्षं ती मनात धरून बसली होती.

आम्ही बोलत बसलो, बोलता बोलता बारा वाजून गेले. काकांचा आवाज आधीच बारीक, तो अजून खाली गेला, मांडीवरचा हात हलायला लागला. निघताना खुर्चीतून उठायला तीनदा झोके घेतले आणि माझ्या केबिनच्या काळ्या उंबरठ्याशी येऊन थांबले ते थांबलेच. टाचा उचललेल्या, पुढचे पंजे जमिनीला चिकटल्यासारखे, गुडघे थरथरतायत, पाऊल काही पडत नाही. काकूंनी दंडाला धरून ओढायला हात पुढे केला, मी म्हटलं थांबा, ओढू नका, पडतील. मघाचा माणूस आणि आत्ताचा माणूस एकच, मध्ये फक्त दीड तास गेला होता.

मग मी गोळ्यांच्या वेळा विचारल्या. डॉक्टरांच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं, ७, ११, ३, ७. काकू म्हणाल्या, "रिकाम्या पोटी कशाला, मी सगळ्या गोळ्या खाऊनच देते." म्हणजे सकाळची गोळी साडेआठला दूध-अंड्यासोबत आणि दुसरी थेट दीड वाजता, आमटी-उसळ जेवून झाल्यावर. आपल्याकडे बीपीची काय, तापाची काय, गोळी म्हटलं की जेवणानंतर, त्यात काकूंची काय चूक, त्यांना कोणी बसवून सांगितलंच नव्हतं.

तर भानगड अशी आहे. हालचालीसाठी मेंदूला डोपामिन नावाचं रसायन लागतं, ते बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात म्हणून बाहेरून लेव्होडोपाची गोळी देतात, मेंदूत तिचं डोपामिन होतं. सुरुवातीची काही वर्षं गोळी दिवसभर साथ देते, पुढे पुढे तिचा असर काही तासच टिकतो, मग माणूस 'ऑफ' होतो, पुढची गोळी लागली की परत 'ऑन'. आणि प्रोटीन पचून जे तयार होतं तेही आतड्यातून आणि पुढे मेंदूत त्याच वाटेनं जातं, म्हणून दूध, अंडं, उसळीसोबत घेतलेली गोळी अडकून पडते. बद्धकोष्ठ असेल, आणि ह्या आजारात ते बऱ्याच जणांना असतं, तर अजून उशीर. म्हणून जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी, मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एखादं कोरडं बिस्कीट. डाळ बंद करायची नाही हां, वेळ सांभाळायची. आणि गोळी स्वतःहून एकदम थांबवायची नाही, ते धोक्याचं आहे.

शेजारच्या भाऊजींचं कोडं पण यातच होतं, ते यायचे दहाला, तेव्हा गोळी लागलेली असायची. काकू आंघोळीला न्यायच्या बाराला, गोळी उतरलेली असताना!

कालनिर्णयच्या पानावर आठ दिवस लिहायला सांगितलं, गोळी कधी, जेवण कधी, पाय कधी अडकले. काकू म्हणाल्या मी लिहिते, काका म्हणाले मी लिहिणार, कंडक्टरकीत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायची सवय. अक्षर पहिल्या शब्दाला बरं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. ते पान घेऊनच न्यूरोलॉजिस्टकडे गेले, डोस त्यांनी बघितला, मी त्यात पडत नाही. तिथंच कळलं की कोणीतरी दिलेलं खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण पण चालू होतं. त्यात मुळातच लेव्होडोपा असतो, वरून गोळ्या, डॉक्टरांना माहीतच नाही. कंपवातावर काही घेत असाल तर आधी सांगा बाबांनो.

दाराचं काय? अरुंद जागा, उंबरठा, वळण, घाई, इथंच पाय जास्त अडकतात. न विचार करता होणारं चालणं मेंदूला जमेनासं होतं, पण ताल दिला किंवा डोळ्यापुढे ओलांडायला रेघ दिली तर दुसऱ्या वाटेनं पाऊल पडतं. बाथरूमच्या दारात पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या मारल्या, थोडा फायदा झाला. एक-दोन, एक-दोन मोजून बघितलं, काका वैतागले, "मी काय पीटीच्या तासाला आहे का?"

यावरचा उपाय काकूंनीच काढला. एक दिवस वैतागून म्हणाल्या, "अहो डबल बेल झाली, टिंग टिंग! चला!" आणि काकांनी पाऊल टाकलं. रोज लागू पडतं असं नाही, दहातून सहा-सात वेळा.

काकूंचं पण थोडं. त्या रडल्या त्या "नाटकं पुरे करा" असं किती वेळा बोललो ते आठवून. मी म्हटलं, थकलेलं माणूस बोलतंच. त्यांचं गुरुवारचं भजन बंद झालं होतं, आता मुलगी चार ते सहा येऊन बसते, तीनची गोळी लागलेली असते त्यामुळे तिलाही जड जात नाही.

मागच्या महिन्यात फोन आला. लग्नाला गेले होते, कार्यालयाच्या दारात काका अडकले, मागे माणसं खोळंबली. काकू हळूच म्हणाल्या टिंग टिंग, तर मागचा एक पोरगा ओरडला, "सुटली गाडी!" काकांचा चेहरा तसाच, पण खांदे गदगदा हलत होते म्हणे. पुढची अपॉइंटमेंट मी अकराची देत होते, काकू म्हणाल्या नको, साडेअकराची द्या, अकराची गोळी लागून जाऊ दे.