सेन नदीत पहिल्यांदा बोटीत बसतोयस? मग हे वाच

पॅरिसला पहिल्यांदाच चाललायस ना, मग बोटीची वेळ ठरवायच्या आधी सूर्यास्त किती वाजता आहे ते बघ, कारण जूनमध्ये तिथे नीट अंधार पडायला रात्रीचे दहा वाजून जातात आणि लोक आठची फेरी घेतात, मग म्हणतात लाइट्स कुठे दिसल्या! उजेडात चढायचं आणि अंधारात उतरायचं, असं जमव. फेरी साधारण तासाभराची असते. अंधार पडल्यावर आयफेल टॉवर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं चमचमतो, ते बोटीतून सापडलं तर नशीब समज.

सीटवरून भांडू नकोस, बोट बेटांना वळसा घालून परत येते त्यामुळे दोन्ही काठ दिसतातच. वर उघड्यावर बस पण जाकीट घे, बोट सुटली की पाण्यावरचा वारा उन्हाळ्यातही कानात शिरतो (मी एकदा दात वाजवत बसलो होतो, फोटो एकही धड नाही).

आणि पाँ नफ आला की मोबाइल खाली ठेव. नावाचा अर्थ नवा पूल, पण आज उभ्या असलेल्या पुलांत सगळ्यात जुना तोच, १६०७ चा. कठड्याखाली दगडी चेहरे आहेत ओळीने, कोणी दाढीवाला, कोणी तोंड वासलेला, एकासारखा दुसरा नाही. पुलावरून चालताना ते दिसतच नाहीत. कॉमेंट्रीचा आवाज खरखरतो, ती सोडून दिलीस तरी चालेल.