त्याच्या हनुवटीवरचा हात आधी काढ

लोकमान्य नगरच्या आईस,

तुझं पत्र चार पानी, आणि त्यातली साडेतीन पानं सासूबाई आणि नणंदेनं खाल्ली आहेत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे. रामबागेत नणंदेकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. उज्जैनच्या सासूबाई सहा महिन्यांनी आल्या होत्या. अंगावर पैठणी, नाकात नथ, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळ्यांवर काळा चष्मा. नातवाला जवळ घ्यायला वाकल्या, तर तो "तुम्ही कोण?" म्हणाला आणि टेबलाखाली शिरला. सासूबाईंना रडू आलं. नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "आईनंच शिकवलं नाही, तर पोर काय करणार?" आता या दोघींची समजूत कशी घालायची, हा तुझा प्रश्न.

घालू. पण तू मेहनत घेतेस हे पटवायला जाता जाता एक वाक्य लिहिलंयस: "रोज दिवेलागणीला त्याला समोर बसवते, हनुवटी धरून माझ्या डोळ्यांत बघायला लावते, तो डोळे गच्च मिटतो तरी वीस मोजून होईपर्यंत सोडत नाही." एवढं लिहून तू पुन्हा नणंदेकडे वळलीस. मला मात्र पुढचं पत्र वाचवेना. नणंद जीभ सैल सोडून बोलली, ते एका दुपारपुरतं. हे तू रोज करतेस.

तो डोळे का मिटतो, हा प्रश्न तुला एकदाही पडला नाही?

मेंदूच्या खालच्या बाजूला एक भाग आहे, फ्युसिफॉर्म म्हणतात त्याला. तिथला एक तुकडा वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना जास्त जागा होतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं. पुढे ऑटिझम असलेल्यांमध्ये हा भाग चेहरे पाहताना मंद दिसला आणि तोच बिघडलाय असा बऱ्याच जणांचा समज झाला. मग कुणीतरी साधी गोष्ट तपासली: ही माणसं चेहऱ्यावर नेमकं कुठे बघताहेत? 2005 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूबरोबर नजरही मोजली. ऑटिझम असलेल्यांपैकी ज्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर जास्त वेळ राहिली, त्यांचा फ्युसिफॉर्म जास्त जागा होता. पण त्याबरोबर अमिग्डालाही जास्त पेटला होता. अमिग्डाला म्हणजे भीती, धोका यांची वर्दी देणारा भाग. 2017 मधल्या एका अभ्यासात नजर डोळ्यांपाशीच राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूच्या आतल्या भागांत इतरांपेक्षा फार जास्त खळबळ दिसली.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. पण तुझा मुलगा डोळे गच्च मिटून तुला स्वतःचं सांगतोय, आणि तू आकडे मोजतेस! तापल्या तव्यावर बोट धरून ठेवलं म्हणून कुणाला तव्याची सवय होत नाही.

आता ज्यासाठी तुझ्यावर एवढी चिडले ते सांगते. 2008 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांना वेगवेगळे चेहरे दाखवले होते. अनोळखी मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला त्यांचा फ्युसिफॉर्म थंड राहिला. आईच्या चेहऱ्याला मात्र तो इतर मुलांसारखाच जागा झाला. कळतंय का, अगं? जगातल्या इतक्या चेहऱ्यांत जो एक त्याला बहुधा सहज पेलतो, तोच तू रोज संध्याकाळी त्याच्यासमोर परीक्षेला मांडतेस.

म्हणून आज दिवा लाव आणि त्याला खेळू दे. हनुवटीला हात लावायचा नाही, "माझ्याकडे बघ" म्हणायचं नाही. तो भिंतीकडे बघत बोलला तर भिंतीकडे बघतच उत्तर दे. वाटलं तर तो आपणहून बघेल, आणि बघितलं की लगेच "शाब्बास" म्हणून टाळ्या पिटू नकोस.

राहिल्या सासूबाई. नथ, काळा चष्मा, सहा महिन्यांची गाठभेट नाही आणि भोवती पंचवीस बायकांचा कलकलाट, यात भल्याभल्यांची फसगत होते. फोनवर त्यांनी "हॅलो" म्हणताच तो "उज्जैनची आजी" म्हणून ओरडतो, हे तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस. मग पुढच्या खेपेला दारातूनच हाक मारायची, "मी उज्जैनची आजी आलेय रे," आणि तो जवळ येईपर्यंत बसून राहायचं. त्या आजी आहेत, हे त्या ऐकतील. नणंदेची समजूत घालायची मला तरी काही गरज दिसत नाही.

आणि हा वीस मोजण्याचा प्रकार तुझ्या डोक्यातून आलेला नसून थेरपीच्या कागदावर 'नजर मिळवणे' असं उद्दिष्ट लिहिलेलं असेल, तर येत्या आठवड्यात तिथे जा, तो डोळे गच्च मिटतो हे त्यांना सांग आणि ते उद्दिष्ट त्यांच्याकडूनच खोडून घे. का म्हणून विचारलं तर हे पत्र पुढे कर.

— तुझी ताई