आइसलंडसारखा चिमुकला देश फुटबॉलमधलं टॅलेंट लहानपणीच कसं हेरतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, तेव्हा जेमतेम सव्वातीन लाख वस्ती असलेल्या देशाचा अंडर-२१ (एकवीस वर्षांखालच्या पोरांचा) संघ २०११ च्या त्या वयोगटाच्या युरो स्पर्धेत शेवटच्या आठ संघांत होता, म्हणजे लहान वयातच चांगली पोरं हेरायची त्यांची काहीतरी खास पद्धत असणार, ती कोणती?

हेरत नाहीत. दहा वर्षांच्या पोराला कुणी गाळत नाही, हीच पद्धत. मी राजधानी रेक्याविकला लागून असलेल्या कोपावोगुर गावात राहते, माझा मुलगा इथल्याच क्लबात खेळत मोठा झाला, आणि या एका मुद्द्यावरून माझं माझ्या सख्ख्या भावाशी इतकं वाजलंय की हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

भाऊ कोल्हापूरचा, पेठेतल्या संघातून खेळलेला. शाहू स्टेडियमवर तुडुंब गर्दीपुढे खेळलेल्या माणसाला फुटबॉलबद्दल कुणी चार गोष्टी सांगितलेल्या खपत नाहीत. तो एका डिसेंबरात आमच्याकडे आला होता. इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो, आणि वारा असा की उभा माणूस ढकलला जातो. त्याला मी फिफान हॉलमध्ये घेऊन गेले. २००२ साली बांधलेला हा हॉल म्हणजे छताखालचं अख्खं फुटबॉल मैदान. असला पहिला हॉल केफ्लाविकला २००० साली झाला आणि मग गावोगावी होत गेले. हॉल बघून भाऊ खूश झाला. पण मैदानावर कोण सराव करतंय हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

आमचा मुलगा तेव्हा डी संघात होता. इथे एकाच वयोगटाचे ए, बी, सी, डी असे संघ करतात, म्हणजे प्रत्येकाला आपल्या तोडीच्या पोरांशी खेळायला मिळतं. आमचं पोर बुटकं, पळायला मंद, बॉल आला की बावचळणारं. भाऊ पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "आक्का, खरं सांगू? ह्याला बॉल कळत न्हाई. आमच्यात ह्याला बाकावर सुद्धा बसवला नसता. एवढा हॉल ह्या पोरांसाठी कशाला अडवून ठेवलाय?"

माझं डोकं सणकलं. पण मी उत्तर द्यायच्या आत मैदानावर जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोचने खेळ थांबवला. दिवसा शाळेत शिकवणारा तरुण माणूस, युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं, कोचिंगचं बी लायसन्स असलेला. माझ्या मुलाजवळ गुडघ्यावर बसला, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधता बांधता त्याने विचारलं, "बॉल तुझ्याकडे यायच्या आधी तू कुठे बघत होतास?" पोरगं म्हणालं, बॉलकडे. "पुढच्या वेळी आधी मागे बघ, आणि मागे कोण उभं होतं ते मला सांग." एवढंच. नंतरचा सगळा वेळ आमचं पोर मान वळवून मागे बघत होतं आणि पास आल्यावर कोचला ओरडून नाव सांगत होतं. तिकडे ए संघालाही हाच सराव चालू होता, तेवढाच वेळ, तसाच लायसन्सवाला कोच.

मी भावाला विचारलं, तू दहा वर्षांचा असताना तुला हे कुणी विचारलं होतं? तो म्हणाला, आम्हाला बघून बघून आलं. आलं खरं, पण कुणाला? त्याच्या बरोबरीने बाराव्या वर्षी निवडीला गेलेली गल्लीतली निम्मी पोरं "अंगानं कमी" म्हणून घरी पाठवली गेली आणि त्यातल्या एकानेही पुन्हा बॉलला पाय लावला नाही. त्यातला कोण सोळाव्या वर्षी हातभर वाढला असता, हे आता कुणाला सांगता येणार? बाराव्या वर्षीची निवड म्हणजे मिसरूड कुणाला आधी फुटलं याची यादी. भाऊ याला नैसर्गिक गळती म्हणतो. मी नासाडी म्हणते. एवढ्याशा देशाला असली नासाडी परवडत नाही, म्हणून ते प्रत्येक पोर धरून ठेवतात.

आता तुमच्या अंडर-२१ संघाकडे येते. गिल्वी सिगुर्डसन, कोल्बेन सिगथोर्सन, योहान बर्ग, अल्फ्रेड फिनबोगासन, आरोन गुनार्सन ही सगळी एकाच पिढीची पोरं. गिल्वी, योहान आणि अल्फ्रेड तर आमच्याच गावच्या ब्रेदाब्लिक क्लबातून गेलेले. आरोन उत्तरेकडच्या अकुरेरी गावात फुटबॉलच्या जोडीला हँडबॉलही खेळायचा. एकच खेळ धर, असा हट्ट इथे लवकर कुणी धरत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये या संघाने आदल्या अंडर-२१ युरोच्या विजेत्या जर्मनीला ४-१ असं झोडपलं आणि जर्मनी पात्रतेतच बाद झाला. मग ऑक्टोबरात दोन सामन्यांच्या प्लेऑफमध्ये स्कॉटलंडशी गाठ पडली. दुसरा सामना ११ तारखेला एडिनबरोत, आणि १२ ला रेक्याविकमध्ये सीनिअर संघाचा पोर्तुगालशी युरो पात्रतेचा सामना. रोनाल्डो येणार होता. तरीही आइसलंडच्या संघटनेने आपली सगळ्यात चांगली तरुण पोरं सीनिअर संघातून काढून अंडर-२१ ला दिली. सीनिअर १-३ हरले. एडिनबरोत गिल्वीने दोन गोल मारले आणि पोरं मुख्य स्पर्धेसाठी डेन्मार्कला गेली. या निर्णयाबद्दल मला या देशाचा फार अभिमान आहे.

डेन्मार्कमध्ये ते बेलारूस आणि स्वित्झर्लंडकडून हरले, यजमान डेन्मार्कला मात्र ३-१ ने हरवलं. तीन संघांचे तीन-तीन गुण झाले. आणखी एक गोल झाला असता तर उपांत्य फेरीत आइसलंड असता. हाच संघ मोठा होऊन २०१६ च्या मोठ्यांच्या युरोत नीसमध्ये इंग्लंडला हरवून आला आणि २०१८ चा वर्ल्ड कपही खेळला.

थोडं सावधपणेही सांगते. हॉल बांधले, कोचना लायसन्स दिली की दर पाच वर्षांनी अशी पिढी निघते, असं मुळीच नाही. २०२१ च्या अंडर-२१ युरोत आइसलंड तिन्ही सामने हरला. देश श्रीमंत आहे, मुलांच्या खेळाच्या फीसाठी नगरपालिका पैसे देते. हे कुठेही जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. आणि हो, माझा मुलगा खेळाडू वगैरे काही झाला नाही. अजून हौसेने खेळतो, बॉल यायच्या आधी मागे बघतो.

तुमचं मूल कुठे घालणार असाल तर अकादमीत चषक किती आहेत ते विचारू नका. सगळ्यात कच्च्या पोरांना कोण शिकवतं, ते विचारा. नवशिक्या दादाच्या ताब्यात दिली असतील तर दुसरीकडे जा.

भाऊ आता पेठेत उन्हाळ्यात पोरांचं शिबिर घेतो आणि पहिल्याच दिवशी बावीस पोरं ठेवून बाकीची परत पाठवतो. म्हणतो, आक्का, मैदान पुरत न्हाई. फिफानमध्ये एका मैदानाच्या कोन लावून आठ पट्ट्या करतात आणि साठ-सत्तर पोरं एकाच वेळी खेळतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. या उन्हाळ्यात मी कोल्हापूरला जाणार आहे, कोन मीच घेऊन जाते.