बॅगा भरायच्या आधी बँकेत जाऊन या

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत, रिटायर झाल्यावर मुलांकडे परदेशात राहायला जायचं तर इथल्या खात्यांचं काय करायचं आणि तिकडे खातं कसं उघडायचं. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची कितीतरी एनआरआय काउंटरवर, त्यामुळे हे प्रश्न वाचले की समोर बसलेली माणसंच आठवतात. तीन पत्रं घेतोय.

प्रश्न : मी रिटायर शिक्षक, वय ६७. मुलगा न्यू जर्सीत आहे, मला आणि मिसेसना ग्रीन कार्डचा व्हिसा मिळालाय, पुढच्या महिन्यात कायमचंच जातोय. पेन्शन सरकारी बँकेत जमा होते, शिवाय एका सहकारी बँकेत खातं, एका पतसंस्थेत ठेव, पीपीएफ आणि थोड्या एफडी. शेजारी म्हणतात बँकेला काही सांगू नका, एटीएम कार्ड भाच्याकडे देऊन जा, सगळं चालतंय. खरंच चालतं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : सर, शेजाऱ्यांचं ऐकू नका. कायमचं राहायला म्हणून तुम्ही विमानात बसलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी, मग १८२ दिवस भरायची वाट कोण बघत नाही. ते १८२ दिवसांचं गणित मुख्यतः इन्कम टॅक्सचं, हा कायदा वेगळा, आणि लोक हे दोन्ही एकत्र करून घोळ घालतात. अनिवासी झाल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. एफडी मोडायची गरज नसते, त्याच एनआरओ म्हणून बदलून मिळतात, फक्त पुढे नवीन एफडी केली की ज्येष्ठ नागरिकांचं जादा व्याज मिळणार नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवा, मुदतवाढ मात्र घेता येणार नाही. एनआरई खात्याच्या मागे लागू नका, ते बाहेर कमवून इकडे पाठवणाऱ्यांसाठी.

सहकारी बँकेत जाऊन आधी एकच विचारा, तुम्हाला एनआरओ खातं ठेवायची परवानगी आहे का. बऱ्याच छोट्या सहकारी बँकांना ती नसते. नसेल तर पैसे पेन्शनच्या बँकेत वळवा. पतसंस्थेतली ठेव मात्र जायच्या आधी काढूनच घ्या, तिथे ठेव विम्याचं ५ लाखांचं संरक्षणही नाही आणि उद्या काही झालं तर तुम्ही न्यू जर्सीतून कुणाच्या दारात जाऊन बसणार?

आता लोक एनआरओला घाबरतात ते टीडीएसमुळे. एफडीच्या व्याजावर आत्ता १० टक्के कापतात, एनआरओवर ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के. आकडा ऐकून घाम फुटतो, कबूल आहे. पण रिटर्न भरलं की हिशोबाने जास्तीचा कर परत मिळतो, आणि अमेरिकेशी दुहेरी कर टाळायचा करार आहे त्यात बँक व्याजाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यासाठी तिथल्या आयकर खात्याकडून रहिवासी असल्याचं सर्टिफिकेट आणावं लागतं. अनिवासी झाल्यावर व्याजावर टीडीएस कापू नका असं लिहून देणारा १५ एच फॉर्म मात्र कधीही देऊ नका, तो फक्त निवासी माणसांसाठी आहे. वर्षानुवर्षं परदेशात राहून दर एप्रिलला मुलाच्या मित्राकडून १५ एच पाठवणारी माणसं मी पाहिलीत, फसवायचं म्हणून नाही हो, सवयीने, पण खोटं डिक्लेरेशन ते खोटंच.

पैसे तिकडे न्यायचे असतील तर पेन्शन आणि व्याज टॅक्स भरून कितीही नेता येतं, मुद्दल मात्र आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत. सीएचं सर्टिफिकेट लागतं, बँक यादी देते. आणि निवासी माणसाने बाहेर पैसे पाठवले की १० लाख रुपयांच्या वर जो टीसीएस नावाचा आगाऊ कर कापला जातो तो एनआरओतून नेताना लागत नाही, हे बरेचदा काउंटरवरच्या पोरांनाही माहीत नसतं.

अमेरिकेची बाजू कुणीच सांगत नाही म्हणून सांगतो. ग्रीन कार्ड मिळालं की तिथला टॅक्स जगभरातल्या उत्पन्नावर, म्हणजे पीपीएफचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिथे दाखवायचं. शिवाय भारतातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून सर्वात जास्त शिल्लक वर्षात १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा फॉर्म भरायचा, एफडीही त्यात आल्या. त्यात कर काही भरायचा नसतो, नुसती माहिती द्यायची, पण दिली नाही तर दंड हजारो डॉलरचा. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मुलाला म्हणा तुझ्या टॅक्सवाल्याला पहिल्याच वर्षी आमची सगळी पासबुकं दाखव.

तिथलं खातं उघडायला पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी नंबर आणि पत्त्याचा पुरावा. अडतं ते पत्त्यावर, कारण घरातली सगळी बिलं मुलाच्या नावावर. म्हणून पोचल्या पोचल्या एक फोन कनेक्शन तरी स्वतःच्या नावावर घ्या.

आणि सर, माझं कळकळीचं सांगणं. खातं तुम्हा दोघांचं, मुलापासून वेगळं असू द्या. मुलगा गुणी आहे, असणारच, पण त्याच्यासोबतच्या जॉइंट खात्यातले पैसे त्यालाही काढता येतात, त्याच्यावर कुणाची वसुली लागली तर तेही अडकू शकतात. त्यापेक्षा खातं तुमच्या नावाचं ठेवा आणि मुलाला बेनिफिशियरी, म्हणजे तुमच्यानंतर पैसे मिळणारा, लावा. वहिनींचं नाव दोन्हीकडे हवंच. साठी-पासष्टी ओलांडलेल्या किती बायका काउंटरवर येऊन पदराच्या टोकाशी चाळा करत विचारायच्या, "यात माझं काही आहे का हो?" पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला हा प्रश्न परक्या माणसाला विचारावा लागू नये.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, एकटी असते. दरवर्षी जूनमध्ये मुलीकडे टोरांटोला जाते, ऑक्टोबरअखेर परत. मुलीने तिथे तिच्यासोबत माझं जॉइंट खातं उघडलंय, त्यात माझे ४,००० डॉलर आहेत. इथल्या शाखेतला मुलगा म्हणाला आजी तुम्ही आता एनआरआय, खातं बदला. बदलू का? — ठाणे

उत्तर : नाही ताई, बदलू नका. तुम्ही पाहुणी म्हणून जाता, परतीचं तिकीट हातात असतं, वर्षातले सात महिने ठाण्यात. फेमानेही निवासी, इन्कम टॅक्सनेही निवासी. खातं आहे तसंच राहू द्या, कर बसत नसेल तर १५ एचही खुशाल द्या. तो मुलगा चुकला, वाईट हेतूने नाही, शिकवलंच गेलं नसेल त्याला.

पण एक गोष्ट तुमच्याकडून सुटत असेल अशी मला शंका आहे. निवासी माणसाला बाहेर खातं ठेवायला बंदी नाही, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, फक्त ते खातं इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये दाखवायचं. मुलीसोबत जॉइंट असलं तरी दाखवायचं. आणि त्यासाठी नेहमीचा आयटीआर १ चालत नाही, दुसरा फॉर्म लागतो. रिटर्न भरून देणाऱ्याला हे स्वतःहून सांगा, तो विचारणार नाही. काळ्या पैशाविरुद्धचा २०१५ चा कायदा या बाबतीत कडक आहे आणि तुमच्यासारख्या सरळ बाईने नुसतं माहीत नव्हतं म्हणून नोटीस घ्यावी असं मला मुळीच वाटत नाही.

कॅनडाबद्दल एवढंच, तिथे नोकरी नसली, खात्यात टाकायला लगेच पैसे नसले तरी ओळखपत्रं दाखवून साधं खातं उघडायचा हक्क आहे. पुढच्या खेपेला फक्त स्वतःच्या नावाचं एक उघडून ठेवा.

प्रश्न : बाबांना कंप आहे, ते दोन वर्षांपासून माझ्याकडे सिडनीत आहेत. पुण्यातल्या बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. त्यांचं सिम कार्ड घरी कपाटात राहिलं, नंबर बंद पडला, ओटीपी येत नाही. त्यात हयातीचा दाखलाही द्यायचाय. कुठून सुरुवात करू? — एक मुलगी, सिडनी

उत्तर : ताई, आधी दाखला, कारण तो नाही गेला तर पेन्शनच थांबते. सिडनीतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात बाबांना घेऊन जा, तिथला अधिकारी दाखल्यावर सही करतो, तो पेन्शन देणाऱ्या बँकेकडे पाठवा. सरकारी पेन्शनवाल्यांनी हा नोव्हेंबरमध्ये द्यायचा, केंद्राच्या ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. पीएफची पेन्शन असेल तर वर्षात कधीही द्या, दिल्यापासून १२ महिने चालतो.

त्याच फेरीत दुसरं काम उरका. बँकेचा पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा मजकूर आधी मागवून घ्या, तुमच्या भारतातल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावाने तो तयार करून बाबांची सही किंवा अंगठा दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर होऊ द्या. कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची, हे विसरलं की सगळी मेहनत वाया. हा कागद बाबा हयात असेपर्यंतच चालतो हेही नातेवाइकाला नीट समजावून सांगा.

खातं अजून साधंच असेल तर एनआरओ करायचा अर्ज जोडा आणि त्यातच ऑस्ट्रेलियातला मोबाइल नंबर आणि ईमेल लिहा. एनआरओ खात्याला परदेशी नंबर लावता येतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या नंबरवर यूपीआयसुद्धा २०२३ पासून मान्य आहे. दोन वर्षं खात्यात काहीच हालचाल नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं, पण पैसे जागेवर असतात, नव्याने केवायसी दिली की परत चालू होतं, त्यामुळे घाबरू नका.

सहीचं म्हणाल तर नव्या फॉर्मवर बाबांची आजची सही घ्या, जशी येते तशी, थरथरती. जुन्यासारखी यावी म्हणून त्यांच्याकडून दहा कागद गिरवून घेऊ नका. माझ्या काउंटरवर एक आजोबा स्वतःच्याच नावासमोर पेन धरून रडले होते, मग त्या दिवशी आम्ही अंगठा घेतला, दोन साक्षीदार घेतले, दहा मिनिटांत काम झालं आणि त्यांचे पैसे त्यांच्या हातात दिले.