पहिल्यांदा मुंबईला निघालायस? आधी फोन सांभाळ

भावा, कोल्हापुरातनं महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालायस, तर बाकी सगळं नंतर, आधी मोबाईल. नवखी माणसं तो मागच्या खिशात ठेवतात, नाहीतर लोकलच्या दारात उभी राहून बोलत बसतात. रुळांकडेला टपलेला चोर हातावर काठी मारतो, फोन खाली पडला की संपलं. दादरला गर्दीत चढताना सॅक छातीवर घे. बावळट दिसशील, दिसू दे.

- *#06# दाबून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घरी लिहून ठेव. चोरी झालीच, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवरनं (चोरीचे फोन बंद करायची वेबसाइट) फोन ब्लॉक करता येतो.
- रोकड दोन ठिकाणी ठेव.
- मदत लागली तर रेल्वेत 139, बाहेर 112 लाव.

अंगावर काहीतरी सांडलंय म्हणून कुणी पुसायला आलं, तर आधी बॅग धर, शर्ट मग बघ.